वनड्राइव्ह भरल्याचा मेल: खरा कुठला, खोटा कुठला? (सातपूर, लहान ऑफिस)

सातपूर_हिशेब

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतलं जॉबवर्क युनिट, चार पीसी, सगळ्यांवर विंडोज 10, टॅली आणि जीएसटीचं काम. सध्या तीन मेल पडून आहेत. एकात 'वनड्राइव्हची (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइल साठवणीची) जागा भरली आहे, प्लॅन घ्या'. दुसऱ्यात '48 तासांत सर्व फाइल नष्ट होतील' आणि खाली लाल बटण. तिसऱ्यात मायक्रोसॉफ्टच्या लॉटरीत पाच लाख पौंड लागलेत: 'प्रिय भाग्यवान लाभार्थी महोदय किंवा महोदया, आपणास जिंकविण्यात आले आहे.' तिसऱ्यावर सगळं ऑफिस हसलं. पहिल्या दोनांचं काय करायचं? वनड्राइव्ह कुणी मुद्दाम सुरू केलेलं नाही, मग भरलं कसं?

गोदाकाठ_नेटवर्क

पहिला मेल खरा असण्याची दाट शक्यता आहे, आणि चीड येते ती त्याचीच. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की सेटअपमध्येच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हच्या बॅकअपला जोडून घेतले जातात. 'नको' म्हणायची जागा शोधावी लागते. फुकट जागा फक्त 5 जीबी. डेस्कटॉपवर टॅलीचे बॅकअप टाकायची सवय असली की ती भरलीच म्हणून समजा. मग पैसे मागणारे मेल सुरू. पत्ता आउटलुक डॉट कॉमचा असेल तर आणखी पंचाईत: 2023 पासून मेलच्या अटॅचमेंटही याच जागेत मोजतात आणि मर्यादा ओलांडली की मेल येणं-जाणं थांबतं.

म्हणजे धमकी देणारा खरा मेल अस्तित्वात आहे. ठगांना फक्त त्याची नक्कल करायची असते.

तपासायचं असं. मेलमधल्या बटणाला हात लावू नका. ब्राउझरमध्ये वनड्राइव्हचा पत्ता स्वतः टाइप करा आणि आत किती जागा वापरली ते बघा. दुसऱ्या मेलसाठी पाठवणाऱ्याचं नाव सोडा, पूर्ण पत्ता उघडा. 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटवून मायक्रोसॉफ्ट लिहिण्याची युक्ती जुनी आहे, पण लहान अक्षरात अजून फसवते. जीमेलमध्ये तीन ठिपके, मग 'शो ओरिजिनल'. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी असतात; मेल खरंच त्या डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) आला का, याची ती तपासणी. डीमार्क फेल असेल तर तो मेल उघडा ठेवायचंही कारण नाही. पण तिन्ही पास म्हणजे मेल खरा, असं धरू नका. ठगाने स्वतःचं डोमेन घेऊन नीट बसवलं असेल तर त्याचंही सगळं पास होतं. पासचा अर्थ इतकाच की मेल त्या डोमेनवरून आला. डोमेन कुणाचं हे डोळ्यांनीच वाचावं लागतं.

पंचवटी_ऑडिट

लॉटरीच्या मेलबद्दल. ती भाषा इतकी बाळबोध का असते, यावर 2012 मध्ये कॉर्मॅक हर्ले यांनी शोधनिबंध लिहिला होता, आणि ते मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागातले. त्यांचं म्हणणं: मेल पाठवायला खर्च नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसायला वेळ जातो. म्हणून मेल मुद्दाम अविश्वसनीय ठेवायचा. शंकेखोर माणूस पहिल्या ओळीत गळतो, उरतो तो शेवटपर्यंत येणारा. अंतराळात अडकलेल्या नायजेरियन अंतराळवीराला परत आणायला पैसे मागणारा मेल याच जातीचा.

दोष मात्र ठगांचा आहे. सगळं कंपनीच्या माथी मारणं मला पटत नाही.

गोदाकाठ_नेटवर्क

ताई, गुन्हा ठगाचाच. पण दार कुणी उघडं ठेवलं हेही बघायला हवं. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस पसरला, तेव्हा फाइलचं नाव 'टीएक्सटी'वर संपल्यासारखं दिसत होतं. पुढचं 'व्हीबीएस', म्हणजे ही चालणारी स्क्रिप्ट आहे हे सांगणारं एक्स्टेन्शन (नावाचा शेवटचा भाग), विंडोजने लपवलं होतं. इतक्या वर्षांनी विंडोज 11 मध्येही एक्स्टेन्शन लपवलेलंच येतं. अंबड-सातपूरच्या ऑफिसांत 'पर्चेस ऑर्डर डॉट पीडीएफ' नावाची ईएक्सई (प्रोग्रॅम) फाइल उघडली जाण्याचं हे सरळ कारण आहे. चारही पीसीवर आजच फाइल एक्स्प्लोरर, व्ह्यू, 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा.

दुसरं, 2016 मध्ये विंडोज 10 च्या अपग्रेडची खिडकी फुली मारून बंद केली तरी ती संमती धरली जायची. 'आता नाही, तीन दिवसांनी आठवण करा' एवढाच पर्याय देणारे पूर्ण पडद्याचे आग्रह आजही येतात. कंपनीच असं वागायला लागली की लोकांना घाईचा आणि दमदाटीचा मेल खटकत नाही.

आणि हो, 'विंडोज 10 चं लायसन्स संपलं, या नंबरवर फोन करा' हा मेलही येईल. लायसन्स संपत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट संपले. मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. धंद्याच्या पीसीला वाढीव अपडेट पहिल्या वर्षी 61 डॉलर, नंतर दरवर्षी दुप्पट. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षा चिप) असेल तर विंडोज 11 वर जाणंच स्वस्त.

कुणी बटण दाबून कार्ड किंवा यूपीआयने पैसे दिले असतील तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक.

सातपूर_हिशेब

पहिला खरा निघाला, जागा पूर्ण भरलेली आहे. बॅकअप बंद केला तर डेस्कटॉपवरच्या फाइल उडतील का?

गोदाकाठ_नेटवर्क

उडत नाहीत, पण डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो आणि तिथेच लोक घाबरून चुका करतात. आधी वनड्राइव्ह फोल्डरवर राइट क्लिक, 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस'. भरीव हिरवी टिक येईपर्यंत थांबा, नाहीतर काही फाइल नुसत्या क्लाउडवर राहतील. मग ढगाच्या चिन्हावरून सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', तिन्ही बंद. फाइल वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये असतील; तिथून मूळ डेस्कटॉपवर कॉपी करा, कट नको. दोन-चार फाइल उघडून बघा, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मगच वेबवरून जागा मोकळी करा. वनड्राइव्ह फोल्डरमध्ये आधीच डिलीट मारलं तर क्लाउडवरूनही जातं. वनड्राइव्हच्या वेबवरच्या रीसायकल बिनमध्ये 30 दिवस सापडतं. टॅलीचा चालू डेटा मात्र सिंकच्या (क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या) फोल्डरमध्ये कधीच नको, सी किंवा डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा.