मुदतीची करकपात

मंदीत कर कमी करून उपयोग नाही, करकपातीचा पैसा लोक बँकेत ठेवतात, बाजारात येतच नाही, असं म्हणतात. हा मुद्दा आयकराबाबत बऱ्यापैकी पटतो. नोकरीची खात्री नसेल तर हातात आलेले चार पैसे कोण उधळेल? पण ज्या करात सवलत मिळवायला आधी खर्चच करावा लागतो, त्याचं गणित वेगळं. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने घरखरेदीच्या करारावर भरावं लागणारं मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर ३ टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेरपर्यंत २ टक्क्यांनी कमी केलं. मुंबईत ५ चे २ टक्के झाले. ५० लाखांच्या फ्लॅटमागे दीड लाख वाचणार, तेही तारखेच्या आत सही केली तरच. माझा मेव्हणा वर्षभर "बघू, भाव पडतील" म्हणत बसलेला, त्याने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावतपळत ग्रास या सरकारी पोर्टलवर शुल्काचं चलन भरलं आणि करारावर सही ठोकली. नोंदणीला चार महिन्यांची मुभा असते, म्हणून निबंधक कार्यालयातली गर्दी टाळून ती फेब्रुवारीत उरकली.

अर्थात त्याला घर घ्यायचंच होतं, आज ना उद्या. म्हणजे पुढची मागणी अलीकडे ओढली गेली, आणि ज्यांचा पगार चालू होता त्यांनाच फायदा झाला. मंदीत तेवढंही पुरतं असं माझं मत. बिल्डरचं थांबलेलं काम सुरू झालं की मजुराला हजेरी मिळते. खरी अडचण राज्याची. जीएसटी आटलेला असताना हक्काचं मोठं उत्पन्न सोडायचं, आणि कर्ज काढायचं तर मर्यादा केंद्राने आखून दिलेली.