सहजीवी ताऱ्यांचे क्ष-किरण: प्रकल्पासाठी कोणता तारा घेऊ?

नवशिकी
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पाला सहा महिने आहेत. तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वारा ओढणारे श्वेत बटू आणि त्यांचे क्ष-किरण, असा विषय डोक्यात आहे. एक्सस्पेक (वर्णपटाला मॉडेल बसवायचं सॉफ्टवेअर) जेमतेम चालवता येतं. एजी ड्रॅकोनिस घेऊ की टी कोरोना बोरिआलिस?

पिंगळा
एजी ड्रॅकोनिस अल्फा प्रकारचा (या ताऱ्यांची क्ष-किरणांवरून अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी वर्गवारी करतात). बटूच्या अंगावरच हायड्रोजन जळतो, त्यामुळे किरण अगदी मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, ०.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतले. ते वाटेतला वायू गिळतो. हाती उरतं ते वर्णपटाचं शेपूट. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.
बीटा, गॅमा वाचून ठेव (गॅमात बटूच्या जागी न्यूट्रॉन तारा असतो, उदा. जीएक्स १+४), पण काम डेल्टावर कर. हा प्रकार २०१३ मध्ये स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीच्या पाहणीतून जोडला गेला. ओढलेल्या वायूची चकती बटूला टेकते तिथला तापलेला थर, किरण २.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे.

रात्रपाळी
मग टी कोरोनाच. १८६६ आणि १९४६ च्या स्फोटांमुळे सगळे त्याला ओळखतात, पण मला त्याचा मधला काळ जास्त आवडतो. २०१५ च्या सुमाराला चकतीतून जास्त माल पडू लागला, थर दाट झाला, कठीण (जास्त ऊर्जेचे) किरण ढासळले आणि मऊ वाढले. आधीची आणि नंतरची स्विफ्टची निरीक्षणं घे, फुकट मिळतात. प्रकल्प तिथेच उभा राहतो.

चांदणी_काकू
सीएच सिग्नी हा असाच दुसरा तारा, तो घेऊ नकोस हो! मी तीन आठवडे ०.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालच्या उंचवट्याला मॉडेल बसवत होते. तो क्ष-किरणांचा नव्हताच. तांबडा तारा इतका तेजस्वी की त्याचा साधा उजेड दुर्बिणीच्या सीसीडी कॅमेऱ्यात साचून मऊ क्ष-किरणांचं सोंग घेतो. गाईडने एका नजरेत ओळखलं. लाजच वाटली.

हंसपक्ष
आपल्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश वेधशाळेचा विषय कुणीच काढला नाही? आरएस ऑफिउकी हा सहजीवी तारा ऑगस्ट २०२१ मध्ये फुटला, तेव्हा त्यावरच्या टीआयएफआरच्या एसएक्सटी या मऊ क्ष-किरण दुर्बिणीने तो पाहिला होता.

पिंगळा
खरंय, पण ती वेगळी गोष्ट. तिथे स्फोटाचं कवच राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळतं आणि वर्णपट दिवसागणिक बदलतो. पीएचडीला ठेव.

नवशिकी
टी कोरोना ठरला, आभार! मॉडेलमध्ये एक शोषक (वाटेत किरण गिळणारा वायू) घालून वर्णपट बसवून पाहिला, खालचा भाग काही केल्या बसत नाही.

पिंगळा
दोन घाल. एक आंतरतारकीय, दुसरा ताऱ्याजवळचा, अर्धवट झाकणारा. आणि फोटॉन मोजकेच असतील तर मॉडेल किती जुळतं ते मोजायला काय-स्क्वेअर सोड, सी-स्टॅट लाव.