एम.ए.च्या लघुप्रबंधात ३१ टक्के साम्य आलंय, नेमकं काय दुरुस्त करायचं?

पंचगंगाकाठ
कोल्हापूर, एम.ए. इतिहास, शेवटचं सत्र. विषय राजर्षी शाहू महाराजांचा १९०२ चा आरक्षणाचा हुकूम. ८४ पानं, मराठीत. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल ३१ टक्के साम्याचा आला. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या १० च्या आत आणा, मुदत १५ दिवस. एक टायपिंगवाले पानामागे पैसे घेऊन ‘टक्के उतरवून देतो’ म्हणतात. माझे प्रश्न असे: प्रत्येक परिच्छेदाला तळटीप असूनही अहवालात त्याला जुळणाऱ्या मजकुराचा रंग का लागलाय? हुकमाचा मजकूर जसाच्या तसा द्यावा लागतो, तो कसा धरतात? आणि इंग्रजी पुस्तकातून मी स्वतः भाषांतर केलेला भागही चोरीत येतो का?

ग्रंथपाल_करवीर
आधी नियम बघून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम प्रबंध आणि लघुप्रबंध दोन्हींना लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० च्या वर ६० पर्यंत गेलं तर सुधारित प्रत एक वर्ष सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. म्हणजे तुमचे ३१ दुसऱ्या टप्प्यात बसतात आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहेत.

पण ३१ हा आकडा कच्चा आहे का, ते तपासा. विनियमांप्रमाणे संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाण चिन्हं आणि योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मोजायचा नसतो. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळायचे असतात. सॉफ्टवेअर हे सगळं आपणहून करेलच असं नाही. ‘संदर्भसूची’ हे मराठी शीर्षक काही वेळा ओळखलं जात नाही आणि अख्खी यादी साम्यात धरली जाते. अवतरणाचंही तसंच आहे. समास सोडून आत घेतलेला परिच्छेद अवतरणचिन्हं नसतील तर साधा मजकूर म्हणून मोजला जातो. म्हणून हुकमाच्या मजकुराला सुरुवातीला आणि शेवटी चिन्हं घालाच. ग्रंथालयात जाऊन या वगळण्या लावून अहवाल पुन्हा काढून मागा. नुसता आकडा आणू नका, रंगीत पानांसकट पूर्ण अहवाल घ्या. कुठला स्रोत किती टक्के आहे हे त्यातच असतं. एकाच पुस्तकाशी ९ टक्के जुळणं आणि तीस स्रोतांशी थोडं थोडं जुळणं, यांची दुरुस्ती एकसारखी होत नाही.

राजारामपुरी_८वी_गल्ली
तळटीप असून रंग का लागला, तर तळटीप फक्त विचार कुणाचा हे सांगते. शब्दही त्याचेच आहेत हे अवतरणचिन्हं सांगतात. चिन्हं नसतील तर वाचणारा शब्द तुमचे धरतो. बहुतेक मुलं इथंच अडकतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपण काही चुकीचं केलंय हे माहीतही नसतं.

समजा पुस्तकातलं वाक्य असं आहे: ‘महाराजांनी विलायतेत असतानाच हा क्रांतिकारी निर्णय घेतला आणि संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या.’ विद्यार्थी लिहितो: ‘महाराजांनी इंग्लंडला असताना हा युगप्रवर्तक निर्णय केला व संस्थानच्या चाकरीत मागासलेल्यांकरिता अर्ध्या जागा राखल्या.’ शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच राहिला. टायपिंगवाले पैसे घेऊन हेच करून देतात. आकडा उतरतो, पण चोरी जशीच्या तशी राहते. वर समानार्थी शब्दांमुळे अर्थ बिघडतो. ‘रिकामी जागा’ची ‘मोकळी जागा’ झाली की इतिहासाच्या परीक्षकाला लगेच कळतं.

खरं पुनर्लेखन असं करा. परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा, १० मिनिटांनी स्वतःला विचारा की माझ्या प्रकरणाला यातलं काय हवंय. तेवढंच लिहा, मग पुस्तक उघडून फक्त तारखा, नावं आणि आकडे पडताळा. वरचं वाक्य मग असं होऊ शकतं: ‘२६ जुलै १९०२ च्या हुकमातील पन्नास टक्के हे प्रमाण पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांना लागू होते, कामावर असलेल्यांना काढण्याची तरतूद त्यात नव्हती. ज्या कचेरीत मागासवर्गीय निम्म्याहून कमी होते, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची होती.’ पुस्तकाने ‘क्रांतिकारी’ म्हटलं, तुम्ही हुकूम चालायचा कसा ते सांगितलं. तळटीप इथंही द्यायचीच.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, याला संदर्भ लागत नाही, ती सर्वांना ठाऊक असलेली माहिती आहे. मात्र हुकमात ‘मागासवर्ग’ म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे, ही व्याख्या देताना संस्थानच्या गॅझेटचा (सरकारी राजपत्राचा) किंवा तुम्ही वापरलेल्या साधनाचा पृष्ठांक हवाच.

आता भाषांतर. वाक्याची मांडणी आणि युक्तिवाद मूळ लेखकाचाच असतो, भाषा बदलली म्हणून तो तुमचा होत नाही. सॉफ्टवेअरला सहसा हे सापडत नाही, परीक्षकाला सापडतं. जवळजवळ शब्दशः घेतलं असेल तर अवतरणात टाका आणि तळटीपेत मूळ पुस्तक, पान व ‘भाषांतर माझे’ असं लिहा. सलग तीन पानं भाषांतर असेल तर अवतरणानेही भागणार नाही, ती कमी करावीच लागतील.

अजून एक. त्या पुस्तकाच्या तळटीपांतली जुनी दप्तरं तुम्ही न बघता स्वतःच्या तळटीपेत उचलली असतील, तर तीही अप्रामाणिकताच. ‘अमुक पुस्तकातून उद्धृत’ असं लिहा. त्याहून चांगलं म्हणजे पुराभिलेखागार आपल्या गावातच आहे. निदान मुख्य हुकूम मुळातून बघून या.

अक्षरजुळणी
वरच्या दोघांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण एक विचारतो. फाइल कुठल्या फाँटमध्ये आहे? श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फाँटमध्ये मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. सॉफ्टवेअर ती चिन्हं वाचतं, त्यामुळे ती कशाशीच जुळत नाहीत आणि साम्य शून्याजवळ येतं. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तेच, तिथं सॉफ्टवेअरला फक्त चित्र मिळतं. अशा फाइलीचा कमी आकडा काहीच सिद्ध करत नाही.

पंचगंगाकाठ
पहिली तीन प्रकरणं श्रीलिपीत टाइप करून घेतली होती. चौथं आणि पाचवं मी मोबाइलवर लिहिलं, ते युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठवलेली. म्हणजे ३१ टक्के फक्त शेवटच्या दोनांचे?

अक्षरजुळणी
बहुतेक हो. मग त्या दोन प्रकरणांतलं साम्य ३१ पेक्षा बरंच जास्त असणार, आणि पहिल्या तिनांचं अजून कुणालाच माहीत नाही. सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतरानंतर हमखास बिघडणाऱ्या जागा म्हणजे रफार, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’मधला ऱ, ‘ॲ’, अवतरणचिन्हं आणि आकडे. ऱ दोन प्रकारे साठवला जातो, एक अखंड अक्षर म्हणून आणि दुसरा ‘र’खाली टिंब देऊन. वर्डमध्ये शोधताना एक सापडतो, दुसरा सुटतो. ८४ पानं डोळ्यांनी वाचायला दोन दिवस धरा. तळटीपा वेगळ्या उघडून बघा, तिथं जुना फाँट बऱ्याचदा तसाच राहून जातो.

ग्रंथपाल_करवीर
असं असेल तर आजच मॅडमना सांगा. आकडा वाढला तरी सांगा. काम वाङ्मयचौर्यमुक्त असल्याच्या प्रमाणपत्रावर मार्गदर्शकाची सही लागते, ती अर्धवट वाचलेल्या फाइलीवर घेऊ नका. शिवाय हे पदवीनंतर उघडकीला आलं तरी पदवी ठरावीक काळ स्थगित ठेवण्याची तरतूद विनियमांत आहे. रूपांतराला आणि मुद्रितशोधनाला तीन दिवस, नवा अहवाल मिळायला दोन. मग सगळ्यात जास्त टक्के ज्या एका स्रोताचे आहेत, तिथून पुनर्लेखन सुरू करा, रोज पाच-सहा पानांहून जास्त घेऊ नका. अहवाल आणि तपासलेली फाइल, दोन्हींवर तारीख आणि नाव एकच ठेवा, आणि पहिली श्रीलिपीची प्रत पुसू नका. मॅडमनी विचारलं तर दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतील. पंधरा दिवसांत उरकत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज आत्ताच द्या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.