मदत हवी आहे: आयशेच्या फॉर्ममध्ये विद्यार्थ्यांचा नेमका कोणता आकडा धरायचा?

माळरान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात मी शिकवते. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखा आहेत, जोडीला ज्युनिअर कॉलेज आहे आणि आवारातच मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्रही चालतं. यंदा प्राचार्यांनी आयशेचं, म्हणजे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचं काम माझ्याकडे दिलं आहे. नोडल अधिकारी म्हणून पत्र मिळालं, लॉगिन मिळालं, गेल्या वर्षी भरलेल्या फॉर्मची प्रतही मिळाली. पोर्टल कसं चालवायचं ते जमेल. माझी अडचण आकड्यांची आहे.

विद्यार्थिसंख्या जिथे विचारावी तिथे वेगळी निघते. कार्यालयाच्या प्रवेश नोंदवहीत एक, विद्यापीठाच्या पोर्टलवर पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) मिळालेल्यांची दुसरी, परीक्षा अर्ज भरलेल्यांची तिसरी. शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेले तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची चौथी. फरक थोडाथोडका नाही. मुख्य लिपिक म्हणतात नोंदवहीचा आकडा टाका, आयक्यूएसीचे, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयक म्हणतात विद्यापीठाचा टाका. दोघंही अनुभवी आहेत, पण "असंच करतात" यापलीकडे कारण कुणी सांगत नाही.

दुसरा प्रश्न प्रवर्गांचा, आणि तो मला जास्त टोचतो. आमच्या नोंदवहीत अजा (अनुसूचित जाती), अज (अनुसूचित जमाती), विजा-अ (विमुक्त जाती), भज-ब, भज-क, भज-ड (भटक्या जमातींचे तीन गट), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), इमाव (इतर मागासवर्ग, म्हणजे ओबीसी), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि खुला असे रकाने आहेत. आयशेत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि सर्वसाधारण एवढेच. गेल्या वर्षीच्या प्रतीत विजा-अ पासून भज-ड पर्यंत सगळी मुलं सर्वसाधारणमध्ये गेलेली दिसतात. आमच्याकडे बंजारा, धनगर आणि वंजारी समाजाचे विद्यार्थी निम्म्याच्या आसपास आहेत. तांड्यावरून येणाऱ्या कित्येक मुली त्यांच्या घरातल्या पहिल्या पदवीधर होणार आहेत. शासनाकडे गेलेल्या कागदावर त्या खुल्या प्रवर्गात मोजल्या गेल्या असतील तर ते मला मान्य नाही.

तिसरं म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांना दाखवायचं का, आणि दाखवायचं तर कसं? दोघे जण शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजातही शिकवतात.

आणि एक शेवटचं. हा फॉर्म भरून झाल्यावर त्याचं पुढे होतं काय? सहकारी म्हणतात, प्रमाणपत्र निघालं की काम संपलं. मला ते पटत नाही, पण उलट सांगायला माझ्याकडे माहितीही नाही. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

दप्तरदार

मॅडम, मी बरीच वर्षं हे काम केलं आहे, आता निवृत्त आहे. लांबेल, पण लिहितो.

चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. नोंदवही सांगते, दारातून आत किती आले. पीआरएन सांगतो, विद्यापीठाने किती जणांची नोंद घेतली. परीक्षा अर्ज सांगतो, परीक्षेला कोण बसणार. महाडीबीटीवर फक्त लाभासाठी अर्ज करणारे असतात. आयशे विचारतं, ठरलेल्या संदर्भ दिनांकाला तुमच्याकडे प्रत्यक्ष प्रवेशित विद्यार्थी किती होते. सुरुवातीची कित्येक वर्षं हा दिनांक ३० सप्टेंबर होता. तुमच्या वर्षाचा दिनांक त्या वर्षीच्या सूचनांमध्ये पाहा आणि तो आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मग नोंदवही हातात घ्या. त्या दिनांकापर्यंत प्रवेश रद्द केलेले, दाखला घेऊन गेलेले काढा. उरलेली यादी पीआरएनच्या यादीशी नावानिशी जुळवा. बेरीज जुळवून उपयोग नाही, नावं जुळवा. नोंदवहीत आहे पण पीआरएन नाही अशी मुलं बहुतेकदा पात्रतेच्या कागदांसाठी अडकलेली असतात, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र यायचं असतं किंवा बारावीची गुणपत्रिका दुसऱ्या मंडळाची असते. प्रवेश कायम असेल तर तो तुमचा विद्यार्थी आहे, मोजा. पीआरएन आहे पण नोंदवहीत नाही असा निघाला, तर तो प्रवेश रद्द झालेला आणि विद्यापीठाला न कळवलेला असतो. तो मोजू नका, आणि विद्यापीठाला कळवून टाका.

विषय राहिलेले, वर्गात प्रवेश नसलेले आणि फक्त परीक्षा देणारे माजी विद्यार्थी विद्यार्थिसंख्येत येत नाहीत. परीक्षा अर्जांचा आकडा याच कारणाने फुगलेला असतो. निकालाच्या भागात मात्र परीक्षेला बसलेले आणि उत्तीर्ण झालेले विचारतात, तिथे ते येतात. त्यामुळे दोन भागांतले आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर घाबरू नका.

ज्युनिअर कॉलेज पूर्ण बाहेर ठेवा. अकरावी-बारावीची माहिती यूडायस प्लस या शालेय माहिती-प्रणालीत जाते. आपल्याकडे कॉलेज म्हटलं की अकरावीपासून मोजायची सवय आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो. शिक्षकांचंही तेच, ज्युनिअरचे शिक्षक इथे नकोत. अभ्यासकेंद्रातल्या विद्यार्थ्यांची माहिती मुक्त विद्यापीठ स्वतःच्या फॉर्ममध्ये देतं. तुम्हीही दिली तर तोच मुलगा देशाच्या बेरजेत दोनदा येतो.

---

सुपारीबाग

दप्तरदार काकांना अनुमोदन. फक्त एक भर: शाखावार, वर्षवार, मुलगे-मुली आणि प्रवर्ग अशी एकच तक्ता-फाइल करा आणि त्यातूनच सगळीकडे आकडे द्या. आमच्याकडे आयशे, एक्यूएआर (नॅक या मूल्यांकन संस्थेला द्यायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल) आणि एनआयआरएफ (संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीचा फॉर्म) तीन वेगळ्या माणसांनी भरले होते. ते निस्तरायला फार त्रास झाला.

---

भटकी_लेखणी

प्रवर्गाच्या प्रश्नावर लिहिते. माझा संशोधनाचा विषय याच्या जवळचा आहे.

विजाभज आणि विमाप्र ही महाराष्ट्राची विभागणी आहे: विजा-अ ३ टक्के, भज-ब २.५, भज-क ३.५, भज-ड २ आणि विमाप्र २. केंद्राच्या पातळीवर हे गट वेगळे नाहीत. बंजारा, धनगर, वंजारी हे महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहेत. म्हणजे तुमचे हे विद्यार्थी आयशेत ओबीसीमध्ये जायला हवेत. त्यांना सर्वसाधारणमध्ये टाकणं चूकच आहे, तुमचा राग योग्य आहे.

एसईबीसीचं मात्र तसं करता येणार नाही. राज्याच्या २०२४ च्या कायद्याने दिलेलं हे १० टक्के आरक्षण ओबीसीपासून वेगळं आहे आणि मराठा समाज केंद्रीय ओबीसी यादीत नाही. ज्यांच्याकडे कुणबी प्रमाणपत्र आहे आणि प्रवेश त्यावर झाला आहे ते ओबीसीत. बाकीच्यांसाठी विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्यांना पत्र पाठवून लेखी उत्तर मागवा. एका विद्यापीठातल्या सगळ्या कॉलेजांनी एकच पद्धत पाळली तरच त्या आकड्याला अर्थ राहतो.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण मला ती फार जवळची आहे. २०२१-२२ च्या अहवालात अनुसूचित जातींचं उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयाच्या दर शंभर लोकांमागे विद्यार्थी) २५.९ आणि अनुसूचित जमातींचं २१.२ दिलं आहे. त्यावरून प्रश्न विचारता येतात, योजना मागता येतात. भटक्या-विमुक्तांसाठी अशी ओळच त्या अहवालात नाही. ओबीसींच्या १.६३ कोटी विद्यार्थ्यांच्या बेरजेत ते मिसळलेले आहेत. तेव्हा आयशेत ओबीसी भरा, पण तुमच्या तक्ता-फाइलीत अ, ब, क, ड वेगळे ठेवा आणि ती फाइल दरवर्षी जपा. तांड्यावरच्या किती मुली पदवीपर्यंत पोचल्या, हे उद्या कुणाला शोधायचं झालं तर ते फक्त अशा फाइलींतूनच कळणार आहे.

---

घड्याळी_तास

मी स्वतः सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. आम्हाला दाखवा, आणि आहे तसंच दाखवा. शिक्षकांची माहिती नावानिशी भरायची असते, त्यात नेमणुकीचा प्रकार विचारतात. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण बरं दिसावं म्हणून तासिकावाल्यांना पूर्णवेळ दाखवण्याचा मोह होतो. तसं झालं की रिक्त जागा कागदावर भरलेल्या दिसतात, आणि आम्ही भरतीसाठी आंदोलनं करतो तेव्हा आमच्याच कॉलेजचा कागद आमच्या विरोधात उभा राहतो. दोन कॉलेजांत शिकवणाऱ्यांबद्दल त्या दुसऱ्या कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्यांशी फोनवर बोला, म्हणजे नाव कुठे आणि कसं जाणार ते दोघांचं ठरेल.

---

परसदार

शेवटच्या प्रश्नाबद्दल. सहकाऱ्यांना सांगा, प्रमाणपत्र निघाल्यावर त्या आकड्यांचा प्रवास सुरू होतो.

आयशे २०१०-११ पासून चालू आहे. २०२०-२१ पासून माहिती पूर्णपणे वेबवर भरली जाते. २०२१-२२ च्या अहवालात देशभरातली १,१६८ विद्यापीठं आणि ४५,४७३ महाविद्यालयं नोंदलेली आहेत, विद्यार्थी ४.३३ कोटी. त्यातून सकल नोंदणी प्रमाण निघतं, २८.४. याची रीत साधी आहे: वर कॉलेजं-विद्यापीठांनी भरलेली एकूण विद्यार्थिसंख्या, खाली १८ ते २३ वयाची लोकसंख्या. खालचा आकडा २०११ च्या जनगणनेवरून काढलेल्या अंदाजाचा आहे, कारण त्यानंतरची जनगणना अजून हातात नाही. म्हणजे खाली अंदाज आहे आणि वर तुमच्या-माझ्यासारख्यांनी टाइप केलेले आकडे आहेत. नवीन शैक्षणिक धोरणाचं २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचं उद्दिष्ट याच प्रमाणावर बेतलेलं आहे. मुलींचं प्रमाण २८.५ आणि मुलांचं २८.३, ही चांगली बातमीही यातूनच कळली.

पीएम-उषा, म्हणजे राज्यांतल्या उच्च शिक्षणाला निधी देणारी केंद्राची योजना, पूर्वीची रूसा. तिला २०२३-२४ ते २०२५-२६ साठी १२,९२६ कोटींची मंजुरी होती, आणि लक्ष द्यायचे जिल्हे निवडताना नोंदणी प्रमाण, मुलामुलींचं प्रमाण असे निकष होते. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आकडा फुगवला तर जिल्हा पुढारलेला दिसतो आणि मदतीच्या यादीत मागे पडतो. लपवला तर कॉलेज ओस दिसतं.

शिवाय आयशे कोड (सर्वेक्षणात संस्थेला मिळणारा क्रमांक) नसेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर संस्थेची नोंदणी अडते आणि नॅकच्या पहिल्याच अर्जात तो लागतो. डॉ. के. राधाकृष्णन समितीने नॅक, एनआयआरएफ वगैरेंसाठी एकाच ठिकाणी माहिती घेण्याची, 'वन नेशन वन डेटा'ची शिफारस केली आणि जानेवारी २०२४ मध्ये समितीचे अहवाल स्वीकारले गेले. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा आकडा, हे यापुढे लगेच उघडं पडेल.

---

दूरदेशी

मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजमध्ये याच कामाच्या विभागात आहे. इथे आयपेड्स नावाचं सर्वेक्षण असतं. केंद्र सरकारची विद्यार्थी-आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ते कायद्याने भरावंच लागतं, नाही भरलं तर दंड होतो. तरीही व्याख्येचा घोळ इथेही आहेच. पदवी पूर्ण करण्याचं जे प्रमाण सगळीकडे छापलं जातं, त्यात अनेक वर्षं फक्त पहिल्यांदा प्रवेश घेतलेले पूर्णवेळ विद्यार्थीच धरत असत. नोकरी करून अर्धवेळ शिकणारे, दुसरीकडून बदली घेऊन आलेले हिशेबातच नव्हते, आणि आमच्यासारख्या कॉलेजांत बहुसंख्य तेच. २०१५-१६ पासून त्यांच्यासाठी वेगळा भाग जोडला, तोही अनेकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. म्हणून भटकी_लेखणी यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. जे फॉर्ममध्ये मावत नाही ते तुमच्याकडे नोंदलेलं असू द्या आणि विद्यापीठाकडे लेखी मागणी करत राहा.

---

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरदार काका, नावानिशी यादी जुळवायला घेतली आहे, आणि पीआरएन असलेली पण प्रवेश रद्द केलेली मुलं खरोखरच निघाली. घड्याळी_तास, तुमचं म्हणणं प्राचार्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. तासिकेवरचे शिक्षक आहेत तसेच जाणार.

आता नवी अडचण. विजाभज ओबीसीत घेतल्यावर ओबीसींचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा एकदम कितीतरी पट दिसतो आणि सर्वसाधारण कोसळतो. आमचं नॅकचं पुढचं आवर्तन जवळ आलं आहे. समन्वयकांना भीती वाटते की पडताळणीत यावर बोट ठेवतील, म्हणून "यंदा गेल्या वर्षीसारखंच जाऊ द्या" असा आग्रह आहे. काय करू?

---

दप्तरदार

गेल्या वर्षीसारखं जाऊ देऊ नका. चुकीचा आकडा आणखी एक वर्ष चालवला की पुढच्या वर्षी खुलासा दोन वर्षांचा द्यावा लागेल.

आजच एक कार्यालयीन टिपणी तयार करा. गेल्या वर्षी कोणता प्रवर्ग कोणत्या रकान्यात गेला होता, यंदा कुठे घेतला, कशाच्या आधारावर, आणि दोन्ही वर्षांचे आकडे जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी काढले तर किती येतात, असा एक तक्ता. खाली तुमची, मुख्य लिपिकांची आणि प्राचार्यांची सही, जावक क्रमांक आणि तारीख. आयक्यूएसीच्या पुढच्या बैठकीत ती मांडून इतिवृत्तात घ्या आणि एक प्रत विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्यांना पाठवा. एसईबीसीचा प्रश्नही त्याच पत्रात विचारा. नॅकच्या पडताळणीत खुलासा मागितला तर हाच कागद जोडायचा.

आणि अंतिम सबमिट करण्याआधी भरलेल्या फॉर्मची छापील प्रत काढून एकदा मुख्य लिपिकांसोबत ओळ न् ओळ वाचा. सबमिट झाल्यावर फॉर्म बंद होतो आणि तो पुन्हा उघडून घ्यायला वरच्या नोडल अधिकाऱ्यांकडे विनंती करत बसावं लागतं. एसईबीसीचं उत्तर यायला उशीर झाला तर शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी विद्यापीठात स्वतः जा. पत्राची पोच घेतलेली प्रत सोबत असू द्या.