‘ओअर्झमन’ला नावाडी म्हटलं तर चालेल का?

खानापूरकर
नौकांच्या शर्यतीची इंग्रजी बातमी मराठीत करायची आहे. ‘ओअर्झमन’ला शब्दकोशात नावाडी मिळतं. पण तोच माणूस पुढे ‘स्कलर’ होतो, मग ‘स्ट्रोक’. तिन्हींना नावाडीच लिहू? आणि एका वाक्यात त्यानं चक्क खेकडा पकडलाय (‘कॅच अ क्रॅब’)!

घाटावरचा
नावाडी नको ओ. कृष्णेवर माणसं पल्याड पोचवून भाडं घेतो तो नावाडी, कन्नडात अंबिग. पाणी उथळ असलं की तो बांबूनं रेटतो, हातात वल्हंही नसतं. ओअर्झमन म्हणजे वल्हेकरी. त्याचं वल्हं काठावरच्या आकड्यात अडकवलेलं असतं, तरफेसारखं, आणि तो नाव जाते त्या दिशेला पाठ करून बसतो. हरिगोलात (गोल टोपलीसारख्या नावेत) किंवा कयाक या अरुंद नावेत वल्हं मोकळं हातात, तोंड पुढे. त्याला ओअर्झमन म्हणत नाहीत. बाई असेल तर ओअर्झवुमन, दोघांना चालणारा शब्द ‘रोअर’.

मुद्रितशोधक
स्कलरच्या दोन हातांत दोन वल्ही, प्रत्येकी साधारण २.९ मीटर. ‘स्वीप’मध्ये माणशी एकच, साधारण ३.७ मीटर, दोन्ही हातांनी ओढायचं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला आपला दत्तू भोकनळ सिंगल स्कल्सचा, म्हणजे स्कलर. घोळ होतो तो ‘दुहेरी’ लिहिल्यावर: ‘डबल स्कल्स’मध्ये दोघांची मिळून चार वल्ही, ‘पेअर’मध्ये दोनच. हे दोन वेगळे प्रकार आहेत, वल्ह्यांची संख्या लिहाच.

खेकड्याचं म्हणाल तर तिथं खेकडा नाही. पातं पाण्यात उभं न शिरता तिरकं गेलं, किंवा वेळेत बाहेर निघालं नाही, की पाणी ते खाली ओढून धरतं. नाव पुढे धावत असल्यानं मूठ उलटून पोटात किंवा छातीत बसते. जोराचा झटका असला तर माणूस नावेबाहेर फेकला जातो. ‘वल्हं पाण्यात अडकलं’ एवढं पुरे.

खानापूरकर
आणि स्ट्रोक? ‘बो’ पण आहे.

घाटावरचा
‘बो’ नव्हे, ‘बाउ’. नाळेकडचा, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाचा, आसन क्रमांक १. आठ जणांच्या नावेत स्ट्रोक क्रमांक ८ वर, वऱ्हामाकडे म्हणजे मागच्या टोकाला. सगळे पाठमोरे असल्यानं बाकी सातही त्याच्या पाठीमागे असतात, म्हणून लय तो ठरवतो. ‘लय देणारा वल्हेकरी’ लिहा. त्याच्याकडे तोंड करून सुकाणू सांभाळतो तो नववा. लिहिताना ‘कॉक्सवेन’ दिसतो, उच्चार मात्र ‘कॉक्सन’.