मदत हवी आहे: जुना मल्टिमीटर घरीच कॅलिब्रेट करायचाय, कशाला प्रमाण मानू?

नमस्कार मंडळी. माळा आवरताना बाबांचा पिवळा ८३०डी मल्टिमीटर सापडला. ड्रॉवरमधली एक ९ व्होल्टची बॅटरी टाकली, चालू झाला. पण नवा पेन्सिल सेल १.७१ व्होल्ट दाखवतोय, भावाच्या मीटरवर तोच १.६१. उघडून पाहिलं तर बोर्डावर काळा ठिपका आणि शेजारी बारीक स्क्रूचा ट्रिमर (फिरवून रीडिंग जुळवायचा पुर्जा). हात शिवशिवतोय! लॅबमध्ये द्यावा तर मीटरपेक्षा बिल मोठं. भिंतीतल्या प्लगचे २३० धरून स्क्रू फिरवला तर चालेल का? की पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, काही स्वस्त मिळेल?

सोल्डरवाला: प्लगच्या नादी अजिबात लागू नका. तो दिवसभर वरखाली होतो आणि मागचं झाकण उघडं असताना २३० जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. ट्रिमरला हात लावण्याआधी बॅटरी बदला. या मीटरमधली ७१०६ जातीची चिप आलेल्या व्होल्टेजची तुलना स्वतःच्या १०० मिलिव्होल्ट रेफरन्सशी, म्हणजे आतल्या ठरलेल्या व्होल्टेजशी करते. बॅटरी ७ व्होल्टच्या खाली गेली की तो रेफरन्स घसरतो आणि आकडे फुगतात. तुमचं दुखणं तेच वाटतंय.

धागाकर्ता: बरोबर निघालं! नवी बॅटरी टाकल्यावर तोच सेल १.६३. उरलेल्या फरकाचं काय?

सोल्डरवाला: त्यासाठी एडी५८४चं मॉड्यूल घ्या, म्हणजे नेमकं व्होल्टेज देणाऱ्या चिपचा छोटा बोर्ड. २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देतं. १० वालंच वापरा. मीटरच्या २० व्होल्टच्या रेंजवर शेवटचा आकडा १० मिलिव्होल्टचा, म्हणजे २.५ मोजताना एका आकड्यातच ०.४ टक्के गेले. मात्र १० मिळायला मॉड्यूलला १२ च्या वर सप्लाय लागतो, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा. ट्रिमर तांदळाच्या दाण्याएवढाच हलवायचा. ओहमची (रेझिस्टन्सची) रीडिंग त्याने बदलत नाहीत, ते आतल्या रेझिस्टरशी गुणोत्तरावर चालतात.

धागाकर्ता: झालं! १०.०८ चे १०.०१ केले, पुढे छेडलं नाही. गंमत म्हणजे भावाचा ९.९४ दाखवतोय, आता तोही मीटर घेऊन दारात उभा आहे. एक शंका राहिली: २०० मिलिव्होल्टवर नॉब जरा हलवला की आकडे नाचतात. स्विचच्या पट्ट्या स्पिरिटने पुसू का?