उत्तर: विंडप्रूफ घेताना 'वॉटरप्रूफ'च्या मागे लागू नका

सायकलिंगसाठी विंडप्रूफ, म्हणजे वारा अडवणारं जाकीट कोणतं घ्यावं, या प्रश्नावर वर बहुतेकांनी पूर्ण वॉटरप्रूफ जाकीट सुचवलंय. माझं मत उलट आहे. सायकलवर भिजायला होतं ते पावसाने कमी, घामाने जास्त. चढावर ते जाकीट म्हणजे प्रेशर कुकरच! आणि मग तसंच ओलं अंग घेऊन उतार लागला की हुडहुडी भरते. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ४० किमीने उतरत असाल, तर अंगाला ती साधारण ६ अंशांसारखी लागते. त्यामुळे अडवायचाय तो वारा.

घेताना कापड तोंडाला लावून जोरात फुंकून बघा. किंचित हवा आरपार गेली तर उत्तम, अजिबातच गेली नाही तर आत घामाचं तळं होणार. १०० ग्रॅमच्या आसपासचं, स्वतःच्याच खिशात गुंडाळलं जाणारं पुरतं. पाठीमागे लांब हवं, नाहीतर वाकल्यावर कंबर उघडी पडते. अंगासरशी घ्या, ढगळ असेल तर शिडासारखं फडफडतं (मी एक मोसम ती फडफड ऐकलीये). जाकिटाला जोडलेली टोपी (हूड) मात्र ट्रेकला जाणाऱ्यांनीच बघावी, सायकलवर ती नुसती हवा भरून मागे ओढते.

आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, पाणी झटकणारा लेप त्याने निकामी होतो.